जननमार्गाचा दाह आणि दांपत्याचे वंध्यत्व

आपल्या तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही विकार होता आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के! विकारांपैकी सुमारे निम्मे जंतुसंसर्गाचे होते. हे खेड्यातले चित्र म्हणून शहरवासीयांनी निश्चिंत राहू नये. अंगावरून पांढरे जाणे व ओटीपोटातले दुखणे हे बाईच्या जन्माबरोबरच आले, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते.

दाहामुळे वंध्यत्व कसे येते? गर्भाशयनलिकेच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. त्यांच्या हालचालीने स्त्रीबीज गर्भाशयाकडे सरकते. गोनोरिया किंवा क्लॅमिडियाचे जंतू, तसेच प्रसूती वा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग गर्भाशयमुखातून वर चढला की हे केस नष्ट होतात, व्रण जुळतात आणि नलिका चिकटते. क्लॅमिडिया तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता हे काम उरकतो. स्वीडनमधील वेस्ट्रम यांच्या १९९२ च्या अभ्यासात दाहाच्या एका झटक्यानंतर ८ टक्के, दोन झटक्यांनंतर १९.५ टक्के, तर तीन वा अधिक झटक्यांनंतर ४० टक्के स्त्रियांत नलिकाजन्य वंध्यत्व आढळले. प्रतिजैविके जंतू मारतात. झालेला व्रण मात्र पुसत नाहीत. म्हणूनच पहिल्या झटक्याचा उपचार अर्धवट सोडणे महागात पडते.

आपल्याकडे याच्या जोडीला क्षयरोग आहे. जननेंद्रियांच्या क्षयात बहुतेक वेळा दोन्ही नलिका बाधित होतात. ताप नाही, खोकला नाही, पाळी थोडी कमी झालेली, एवढ्यावरच तो वर्षानुवर्षे लपतो. गर्भाशयाचे अस्तरच नष्ट झाले तर टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्रही हतबल ठरते. तथापि केवळ एका पीसीआर चाचणीच्या आधारे क्षयाची औषधे सुरू करण्याची घाई योग्य नव्हे. ऊतींची तपासणी, जंतुसंवर्धन आणि दुर्बिणीतून दिसणारे चित्र यांची सांगड घालावी लागते.

आता पतिराजांविषयी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषातील दोषाचा कमी-अधिक वाटा असतो. तरीही पत्नीच्या नलिकांचा एक्स-रे होतो, दुर्बिणीची तपासणी होते आणि नंतर कधीतरी पतीची साधी वीर्यतपासणी होते! माझ्यासमोर सून व सासू बसतात, मुलगा बाहेर गाडीपाशी उभा असतो, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. पुरुषातही गोनोरिया, क्लॅमिडिया वा क्षयामुळे अधिवृषणाला सूज येऊन शुक्राणूंचा मार्ग बंद होऊ शकतो. मार्ग बंद असला तरी वृषणात शुक्राणू तयार होत असतील, तर ते तेथून सुईने काढून इक्सी पद्धतीने गर्भधारणा घडविता येते.

लैंगिक संसर्गाचे निदान झाल्यास दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे व पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा, अन्यथा एकाचा जंतू दुसऱ्याकडे परततो. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे यावे. वीर्यतपासणीपूर्वी २ ते ७ दिवस संयम पाळावा. पहिला अहवाल सदोष आला तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यावी.