गुरुजींच्या उत्तराचाही ताळा

गणिताचा ताळा आपण सगळ्यांनीच शाळेत पाहिला आहे. संगणकाच्या वर्गातही तो लागतो. समजा, आमच्या अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या बाजारातली संत्र्यांची वजने चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्राम मुलांना लिहायचा आहे. गुरुजींचा प्रोग्राम तयार असतोच. एकच यादी दोघांना द्यायची आणि उत्तरे जुळवायची. ‘फंक्शनल’ पद्धतीत हे सोपे जाते, कारण तिथले फंक्शन मागचे काही मनात धरत नाही (माणसांपेक्षा बरे!). तेच दिले की तेच परत मिळते.

पण याद्या कोणत्या द्यायच्या? गुरुजींना सुचणाऱ्या चारपाच याद्या मुलेही ओळखून असतात. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली हास्केल भाषेसाठी ‘क्विकचेक’ मांडले. ते वाटेल तशा १०० याद्या स्वतःच बनवते आणि चूक सापडली की ती यादी लहान लहान करत नेते. सारखी वजने गाळणारा प्रोग्राम मग नुसत्या दोन शून्यांच्या यादीवर पकडला जातो.

उत्तरे जुळली नाहीत, तर गुण मुलाचेच कापायचे का? खोट गुरुजींच्या प्रोग्राममध्येही असू शकते. म्हणून वेगळा ताळा हवा: दिलेले प्रत्येक वजन तितक्याच वेळा परत आले का, आणि पुढचे वजन मागच्यापेक्षा कमी तर नाही ना? या कसोटीवर आधी गुरुजींचा प्रोग्राम चालवायचा, मग मुलाचा.