पाय भरून येतात, ते कशाने?

मार्चमधला रविवार. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-राइड. खंबाटकीच्या पायथ्याशी आम्ही चौघे-पाचजण चहाच्या टपरीवर टेकलो होतो. शेजारच्या गड्याने पोटऱ्या चोळत निदान केलं, ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय.’ दुसरा म्हणाला, ‘मीठ कमी पडलंय तुला.’ साठी ओलांडलेले एक काका आमच्या आधी येऊन चहा संपवून निघायच्या बेतात होते. ते म्हणाले, ‘काही नाही रे, मनाचे खेळ आहेत सगळे,’ आणि टांग मारून निघूनही गेले.

तिघांचंही चुकलं होतं. काकांचं जरा कमी.

थकवा म्हणजे नेमकं काय, हे शोधायला संशोधकांना सायकलसारखं सोयीचं साधन नाही. जागच्या जागी पायडल मारणाऱ्या माणसाच्या तोंडाला नळी लावता येते, दंडातून रक्त काढता येतं, पायांची ताकद वॅटमध्ये मोजता येते आणि तो कधी हात टेकतो ते घड्याळ लावून बघता येतं. त्यामुळे थकव्याबद्दल आज जे कळलंय, त्यातलं बरंचसं सायकलवर बसलेल्या माणसांनी घाम गाळून दिलेलं आहे. ते टपऱ्यांपर्यंत मात्र अजून पोचलेलं नाही.

‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’

या समजाची सुरुवात बेडकापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेडकाचा पाय शरीरापासून वेगळा करून, त्याला विजेचे झटके देऊन तो थकेपर्यंत आकुंचन पावायला लावत. मग त्यात लॅक्टिक ॲसिड भरपूर सापडे. स्नायूंमधली उष्णता आणि लॅक्टिक ॲसिड यांच्यावरच्या कामासाठी ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहोफ यांना १९२२चं नोबेल विभागून मिळालं. त्यांचं काम अस्सल होतं, पण त्यातून निघालेला अर्थ पुढे फार ताणला गेला. थकलेल्या स्नायूत ॲसिड सापडलं, म्हणजे ॲसिडनेच स्नायू थकवला, असं ठरून गेलं. पंगतीत वाढपी सगळीकडे दिसतो, म्हणून जेवण त्यानेच संपवलं म्हणावं, तसं.

आणि लॅक्टेट खरोखरच वाढपी निघालं. (शरीरात ते ॲसिड म्हणून नव्हे, तर लॅक्टेट म्हणूनच वावरतं.) कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिलं, की एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट रक्तावाटे दुसऱ्या स्नायूकडे, हृदयाकडे जातं आणि तिथे इंधन म्हणून जळतं. मेंदूही ते वापरतो. बेडकाच्या तुटक्या पायात रक्तच वाहत नव्हतं, त्यामुळे वाढप्याला बाहेर पडायला वाट नव्हती, इतकंच.

चढावर दोन-तीन मिनिटं जीव खाऊन जोर लावला की मांड्या पेटतात. तेव्हा स्नायूतली आम्लता वाढते, फॉस्फेट साचतं, आणि या दोघांचा त्यात हात असतो. पण दोनशे किलोमीटरची राइड कोणी त्या जोराने मारत नाही. बेताच्या वेगात लॅक्टेट फारसं वाढतच नाही आणि वाढलं तरी थांबल्यावर तासाभरात ते पूर्ववत होतं. मग दुसऱ्या दिवशीचं दुखणं? ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीकसारीक इजांचं, आणि अशा इजा मुख्यतः स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो तेव्हा होतात. सिंहगड करून आलेल्या माणसाच्या मांड्या सोमवारी जिन्यावर बोंबलतात, त्या गड चढल्यामुळे कमी आणि उतरल्यामुळे जास्त. सायकलवर हा प्रकार कमी असतो, म्हणून तेवढ्याच वेळाच्या डोंगर-भटकंतीपेक्षा राइड अंगाला सोसते. राइडनंतर मसाज जरूर घ्या, बरं वाटतं. पण मालिशवाला ‘ॲसिड काढतो’ म्हणाला तर मान डोलवा आणि सोडून द्या. काढण्यासारखं तिथे काही राहिलेलं नसतं.

‘काल दाबून जेवलोय, आज खायची गरज नाही’

इथे मला माझा आवडता प्रयोग सांगायचाय. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच तो केला. सायकल एकच. एकजण तिच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाचा एक पाय पायडलवर, दुसरा पाय मोकळा. पाय गळून जाईपर्यंत दोघांनी असं एका पायाने पायडल मारलं. मग जाड सुई खुपसून दोन्ही मांड्यांमधले स्नायूंचे कण काढले आणि तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जवळजवळ संपलेली होती. मोकळ्या पायातली जशीच्या तशी. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि रोज सुई टोचून घेतली. राबलेल्या पायाने साखर नुसती भरून काढली नाही, तर मोकळ्या पायाच्या दुपटीच्या आसपास साठवली. १९६६ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. शर्यतीआधी दोन-तीन दिवस भात, बटाटे, पास्ता वाढवून खायची जगभरातली पद्धत या दोन मांड्यांमधून निघाली आहे.

म्हणजे कालचं जेवण वाया जात नाही. पण कोठार लहान आहे. स्नायूंमध्ये चार-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरएक ग्रॅम, एवढीच साखर मावते. जोरात पायडल मारलं तर ती काही तासांतच तळाला जाते. अंगावर चरबी हवी तेवढी असते, सडपातळ माणसाकडेही असते, पण ती सावकाश जळते आणि चढावरची निकड तिला भागवता येत नाही. आमच्यात ज्याला ‘बॉंक झाला’ म्हणतात तो हाच क्षण. पाय गळतात, हात थरथरतात, विनाकारण चिडचिड होते, आणि बायकोला फोन करून ‘गाडी घेऊन ये’ म्हणावंसं वाटतं.

यावरचा उपाय म्हणजे थोडंथोडं खात राहणं. आतडं तासाला सुमारे ६० ग्रॅम ग्लुकोज शोषतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जात असल्याने दोन्ही मिसळले तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. परदेशी जेलची पाकिटं परवडत असतील तर घ्या. नाहीतर केळं, खजूर आणि गुळाची चिक्की यांत या दोन्ही साखरा असतातच. मात्र पोटालाही सरावाची गरज लागते. एरवी उपाशी राइड मारणाऱ्याने बीआरएमच्या दिवशी एकदम तासाला तीन केळी खाल्ली, तर पुढचा कंट्रोल पॉइंट झुडपाआडच गाठावा लागेल.

‘मीठ कमी पडलंय’

पोटरीत गोळा आला की इलेक्ट्रॉल पुढे होतं. पण लोहपुरुष म्हणवणाऱ्या आयर्नमॅन शर्यतीतल्या स्पर्धकांवर दक्षिण आफ्रिकेत मार्टिन श्वेलनस यांच्या गटाने अभ्यास केले, तेव्हा गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा अंगातल्या पाण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. फरक दिसला तो दोन गोष्टींत: गोळे येणारे स्वतःच्या कुवतीपेक्षा जास्त जोराने गेले होते आणि त्यांना पूर्वीही गोळे आलेले होते. थकलेल्या स्नायूचं मज्जातंतूंशी असलेलं गणित बिघडतं, हे आज जास्त पटणारं स्पष्टीकरण आहे. म्हणूनच पाय ताणला की गोळा लगेच सुटतो. ताणल्याने काही मीठ वाढत नाही. लोणच्याच्या पाण्याने गोळा दीडएक मिनिटात सुटल्याचा अमेरिकी प्रयोग आहे, आणि तेवढ्या वेळात ते पाणी रक्तात पोचतही नाही. घशातूनच मज्जातंतूंना काहीतरी इशारा जात असावा. (तिथलं लोणचं म्हणजे व्हिनेगरमधली काकडी. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार पिऊ नका.)

पाण्याचंही तसंच. ‘तहान लागायच्या आधीच प्या, भरपूर प्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नको इतकं खाली आलेलं होतं, आणि धावून वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यालेल्यांना, हा धोका सर्वांत जास्त होता. बाटली जवळ ठेवा, तहानेचं ऐका.

‘मनाचे खेळ आहेत सगळे’

आता काकांकडे वळू. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सोळाजणांना दोनदा दमवलं. एकदा आधी दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं, कंटाळवाणं काम दिलं. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ आगगाड्या आणि मोटारींवरचे माहितीपट दाखवले. मग सायकलवर बसवून एकाच ठरावीक ताकदीवर थकेपर्यंत पायडल मारायला लावलं. माहितीपट पाहिलेल्यांनी सरासरी ७५४ सेकंद काढले, डोकं शिणलेल्यांनी ६४०. हृदयाचे ठोके, लॅक्टेट, ऑक्सिजन यांत या फरकाचं कारण सापडलं नाही. शिणलेल्यांना तेवढंच काम जड वाटत होतं, एवढाच काय तो फरक. शुक्रवारी रात्री अकरापर्यंत हिंजवडीत एक्सेल शीट भरून शनिवारी पहाटे चारशेची बीआरएम सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बर्मिंगहॅमचा २००४चा प्रयोग तर याहून मजेदार आहे. तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये सायकलपटूंनी पिष्टमय द्रावणाने नुसती चूळ भरून थुंकली. पोटात काही गेलं नाही, तरी वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. तोंडाने मेंदूला ‘इंधन येतंय’ असं कळवलं आणि मेंदूने हात सैल सोडला.

२०१० साली मार्कोरा यांनी दहा रग्बीपटूंना सायकलवर २४२ वॅटने दमेपर्यंत पायडल मारायला लावलं. दहाएक मिनिटांत सगळ्यांनी ‘आता एक पायडलही शक्य नाही’ म्हणून सोडलं. त्याच क्षणी त्यांना पाच सेकंद पूर्ण जोर लावायला सांगितला, तर सरासरी ७३१ वॅट निघाले. म्हणजे पाय रिकामे झालेच नव्हते.

मग काकांचंच खरं? नाही. पाच सेकंदांची उसळी वेगळी आणि पुढची दहा मिनिटं वेगळी. विस्कॉन्सिनमध्ये मार्कुस आमान आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल टोचून पायांकडून मेंदूकडे जाणारी वार्ताच अडवली. पायांची ताकद तशीच, फक्त कुरकुर वर पोचत नाही. पाच किलोमीटरच्या शर्यतीत ते सुरुवातीला सुसाट सुटले, उत्तरार्धात कोसळले, आणि एकूण वेळ जवळपास तेवढीच आली. सायकलवरून उतरल्यावर काहींना धड चालता येईना. मन पायांना फसवत नसतं, पायांकडून आलेल्या बातम्यांची बेरीज करून ते वेग ठरवत असतं. बातम्या बंद केल्या की बेरीज चुकते.

‘उन्हाची काय, सवय होते’

पायडलवर दीडशे वॅट काढायला शरीर सहा-सातशे वॅटचं इंधन जाळतं. उरलेल्या पाचशे वॅटची अंगात उष्णता होते. शंभर वॅटचे पाच जुने पिवळे बल्ब पोटात लावल्यासारखी. सपाट रस्त्यावर वारा ती उडवून नेतो. घाटात वेग ताशी आठ-नऊवर येतो, वारा थांबतो, घाम उडून न जाता टपटप खाली पडतो, आणि टपकलेला घाम अंग गार करत नाही. कोकणात दमटपणामुळे हे सपाटीवरही होतं.

कोपनहेगनमध्ये १९९९ साली सात तयारीच्या सायकलपटूंना कधी गार, कधी कोमट, कधी गरम पाण्यात अर्धा तास बसवून मग ४० अंशांच्या खोलीत सायकल मारायला लावली. गार पाण्यातून आल्यावर ते ६३ मिनिटं टिकले, कोमटमधून ४६, गरममधून २८. पण सुरुवात कुठूनही असो, अंगाचं आतलं तापमान ४० अंशांच्या किंचित वर गेलं की ते हात टेकत होते. दहा-पंधरा दिवसांच्या सरावाने घाम लवकर सुटतो, रक्तातलं पाणी वाढतं, उन्हाचा त्रास खरोखर कमी होतो. ही मर्यादा मात्र नाहीशी होत नाही.

ती ओलांडता येते, औषधाने. २००५ साली सायकलपटूंना नैराश्यावरचं एक औषध देऊन ३० अंशांत पळवलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा वेगाने गेले, अंग जास्त तापलं, आणि ते जास्त तापलंय हे त्यांना जाणवलंच नाही. १३ जुलै १९६७ला टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि त्यातच गेला. त्याच्या रक्तात ॲम्फेटामिन आणि दारू सापडली. तो २९ वर्षांचा होता.

उन्हाळ्यातल्या राइडला जाणार असाल तर घाट दहाच्या आत मारा. सोबतचा गडी घाटात असंबद्ध बोलायला लागला, उन्हात त्याच्या अंगावर काटा यायला लागला किंवा सायकल हेलकावे खायला लागली, तर त्याला ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. सावलीत आडवा करा, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या डोक्या-मानेवर रिकाम्या करा, शिक्के घ्यायच्या ब्रेव्हे कार्डाने का होईना वारा घाला, आणि येणारी पहिली गाडी थांबवून दवाखाना गाठा. बीआरएम पुढच्या महिन्यात पुन्हा असते.