सक्ती आठवीपर्यंत, मग नववीचं काय?

"आठवी झाली ना, बस झालं. आता चाचांच्या गॅरेजवर जाऊ दे." "हायस्कूल लांब आहे, मुलीला एकटीला कसं पाठवायचं?" निकालाच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यात ही वाक्यं हमखास ऐकू येतात. मग प्रश्न पडतो की दहावीपर्यंत शाळा कायद्यानेच सक्तीची केली तर शिक्षण सुधारेल का?

आधी आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा असून तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं, असं त्यात आहे. पण ही सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. शाळा जवळ देणं, मुलाला दाखल करून घेणं, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल हे पाहणं, ही सरकारची जबाबदारी. मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचंही कर्तव्य आहे, पण या कायद्यात त्यांना दंड नाही.

दंडाचा प्रयोग आपल्याकडे पूर्वी झालेला आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पण महाराज नुसता दंड लावून थांबले नाहीत. गावोगावी शाळा काढल्या आणि त्यासाठी पैसा उभा केला. त्याआधीच कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगही सुरू झालं होतं. म्हणजे हुकूम आणि सोय बरोबर चालले.

सक्तीने मूल वर्गात येतं, पण ते शिकतंच असं नाही. 2009 च्या कायद्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही, असं होतं. त्यामुळे वाचन कच्चं असलेलं मूलही नववीत पोहोचायचं आणि तिथे पहिल्यांदा नापास व्हायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी-आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने ती घ्यायला सुरुवात केली.

खरी अडचण चौदाव्या वर्षी येते. शिक्षणाची सक्ती तिथे संपते. बालकामगार कायद्याची पूर्ण बंदीही तिथेच संपते, कारण 14 ते 18 वयात फक्त धोकादायक कामाला मनाई आहे. खासगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांवरचा मोफत प्रवेशही आठवीपर्यंतच असतो. नववीची फी पाहून कित्येक घरं हादरतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 18 वर्षांपर्यंत शिक्षणाची गोष्ट आहे, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती, नाहीतर मधेच सुटली होती. हे वय तर सक्तीच्या आतलं. मग पुढच्या वयात काय होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

म्हणून सक्ती दहावीपर्यंत वाढवावी, हे माझं मत आहे. पण आधी जवळ हायस्कूल हवं, उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी नववीचा वर्ग हवा, विज्ञान-गणिताचे शिक्षक आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवं. हे नसताना नुसती सक्ती केली तर गरीब बापावर दंड बसेल, शिक्षण मात्र आहे तिथेच राहील.

कायदा बदलेपर्यंत आपण काय करू शकतो?

- मूल सातवीत असतानाच नववीच्या शाळेची आणि फीची चौकशी करा.
- सरकारी आणि अनुदानित शाळांत दहावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, मुलींसाठी बारावीपर्यंत. खासगी शाळेची फी झेपत नसेल तर तिथे नाव घाला.
- ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. शाळेत विचारा.
- शाळा सुटलीच असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं.
- मोहल्ल्यात नववीचा वर्गच नसेल तर मशीद कमिटी, पालक आणि नगरसेवकांनी मिळून शिक्षण विभागाकडे लेखी मागणी करावी.

पहिल्या वहीची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली. तिथे वयाची अट नव्हती. चौदाव्या वर्षी कायदा मुलाचा हात सोडतो, आपण सोडू नये.