रँडम पॉइंट टाकताय? आधी चौकटी पाडा!

समजा, अवकाळी पावसाने शेताचा सखल कोपरा पाण्याखाली गेलाय. किती टक्के पीक गेलं हे शोधायचंय, पण तपासता येणार आहेत फक्त १०० जागा. त्या कुठल्या निवडायच्या? 'रँडम फंक्शन वापर, विषय संपला,' असं कुणीही म्हणेल. मी म्हणतो, जरा थांबा.

रँडम म्हणजे सगळीकडे सारखं पसरलेलं नव्हे. नकाशावर १०० सारख्या चौकटी आखा आणि १०० पॉइंट रँडम टाका. सरासरी ३७ चौकटी रिकाम्या राहतात आणि काहींमध्ये तीन-तीन पॉइंट पडतात. खरं नुकसान २० टक्के असलं तरी उत्तर १२ येऊ शकतं किंवा २८. ज्याचं पीक गेलंय, त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही.

मग प्रत्येक चौकटीच्या बरोबर मध्यावर पॉइंट ठेवला तर? शेतात ओळी आणि सऱ्या ठरावीक अंतरावर असतात. पॉइंटचं अंतर त्यांच्याशी जुळलं, तर सगळे पॉइंट सरीतच पडतील!

यावर उपाय म्हणजे स्तरित रँडम नमुना, म्हणजेच स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग. प्रत्येक चौकटीत एकच पॉइंट, पण चौकटीच्या आत तो कुठेही. कोडही दोनच ओळींचा आहे:

क्ष = (रकाना + रँडम) × चौकटीची रुंदी
य = (ओळ + रँडम) × चौकटीची उंची

रकाना आणि ओळ ० पासून मोजा. रँडम म्हणजे ० ते १ मधला आकडा, दर वेळी नवा. शेत वेडंवाकडं असेल, तर बांधाबाहेर पडलेले पॉइंट सोडून द्या.

याने फायदा का होतो? जी चौकट पूर्ण बुडालीय किंवा पूर्ण कोरडी आहे, तिथे पॉइंट कुठेही पडला तरी उत्तर बरोबरच येतं. चूक होते ती फक्त पाण्याच्या कडेवरच्या मोजक्या चौकटींत. मात्र नुकसान शेतभर ठिपक्या-ठिपक्यांनी विखुरलेलं असेल, तर फायदा कमी होतो.

ही कल्पना जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात देशातल्या पीक उत्पादनाच्या पाहणीसाठी स्तरित रँडम नमुने वापरले. १९८६ मध्ये रॉबर्ट कुक यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या दातेरी कडांवर असाच उपाय मांडला.

म्हणून गेममध्ये झाडं पेरायची असोत की सिम्युलेशन चालवायचं असो, आधी चौकटी पाडा. प्रत्येक कोपऱ्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते.