जंगलातला माल विकायचाय? आधी त्याचा मालक कोण ते बघा

जांभूळ पावडर, गुळवेल पावडर, जंगलातला मध असा स्वतःचा ब्रँड काढायचाय, असं सांगणारे प्रत्येक बॅचमध्ये दोघे-तिघे तरी असतातच. हिशेब सगळ्यांचा एकच. "सर, मुरबाड-कर्जतकडे आदिवासींकडून माल स्वस्तात मिळतो. उल्हासनगरात पॅकिंग करायचं, लेबल लावायचं, ऑनलाइन टाकायचं." पॅकिंग आणि लेबल व्हिडिओत झालंय. इथे बोलायचंय ते त्या "स्वस्तात" या शब्दावर.

स्वस्त का मिळतो? बदलापूर स्टेशनबाहेर जूनमध्ये टोपल्या घेऊन बसलेल्या ठाकर-कातकरी बायका तुम्ही बघितल्याच असतील. जांभूळ, करवंद, पाऊस पडला की शेवळं. माल नाशवंत, संध्याकाळी परत पाड्यावर जायची घाई, ठेवायला जागा नाही. दुपारी चारनंतर भाव पाडणारा येतो आणि सगळं उचलून नेतो. हे झालं एक कारण. दुसरं कारण जुनं आहे. कितीतरी वर्षं कायद्याच्या नजरेत जंगलातल्या मालाचा मालक तो गोळा करणारा नव्हताच, वनखातं होतं. ज्याचा मालकी हक्कच मान्य नाही, तो भाव काय सांगणार?

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदललं. मध, मेण, लाख, तेंदूपानं, कंद, औषधी वनस्पती आणि बांबू हे सगळं 'गौण वनोपज' ठरलं. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क तिथे पूर्वापार राहणाऱ्यांचा, असं कायद्यात आलं. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखायचं कसं, हेही ग्रामसभाच ठरवते.

कागदावर आलं म्हणून हातात आलं असं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव बघा. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि वनखातं तो देईना. कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे 'झाड' होतं! शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. २०१२ च्या नियमांत तर वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनेच द्यायचा, असं स्पष्ट झालं. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने खरा बदल इथे झाला. माल तुमचा, पण गेटपास दुसऱ्याचा, तर तुम्ही मालक नाही. दुकानदाराला हे वेगळं समजवायला नको.

आता पाचगाव. चंद्रपूर जिल्हा, गोंडपिपरी तालुका. २०१२ मध्ये यांनाही सामूहिक हक्क मिळाला. त्या भागात तेंदूपानाचा सीझन म्हणजे रोख पैसा. पण पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडायचंच बंद केलं. चांगलं कोवळं पान यावं म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि त्यात बाकीचं जंगल जातं. त्यांनी बांबूवर भर दिला, त्यातून गावातच मजुरी मिळाली. येणारा पैसा नाकारणं सोपं नसतं. आपण तर दिवाळीत स्टॉक संपतोय तरी ऑर्डर घेत राहतो.

मेळघाटातल्या पायविहीर गावाने वेगळं केलं. राखलेल्या जंगलात सीताफळं वाढली आणि ती त्यांनी व्यापाऱ्याला न देता स्वतःच्या ब्रँडखाली विकली. त्यांना २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

इतकं लांब कशाला, आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरला बघा. कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली, केंद्राच्या वनधन योजनेतून केंद्र उभं केलं. २०२१ मध्ये त्यांच्याकडे डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांच्या १ कोटी ५७ लाखांच्या ऑर्डरी असल्याचं जाहीर झालं. वनधनमध्ये साधारण वीस जणांचे पंधरा गट मिळून एक केंद्र होतं. म्हणजे एकटी टोपली घेऊन बसणारी बाई नाही, तीनशे लोकांचा सप्लायर समोर बसतो. भाव तिथेच बदलतो.

मग तुमचं काय? तुमचं मार्जिन कमी होईल, हे सरळ सांगतो. पण कॉस्टिंग नीट मांडा. समजा ओली गुळवेल १५ रुपये किलो मिळाली आणि चार किलोची वाळून एक किलो झाली. म्हणजे कच्चा मालच ६० रुपये, वर वाळवणीची मजुरी, बुरशीने गेलेला माल आणि गाडीभाडं. वाळवून, निवडून दिलेला माल गटाकडून ९० ला मिळाला तरी तो महाग नाही. शिवाय पुढच्या वर्षी मिळण्याची शक्यता जास्त. गुळवेलीचा तुकडा पुन्हा रुजतो, पण कोणी मुळासकट वेल ओढून नेली तर रुजायला काही उरतच नाही. तोडणी कशी करता, हे सप्लायरला विचारा. भावाच्या आधी विचारा.

लेबलवर मात्र सांभाळून. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआय लागतंच. आणि जांभूळ-बी पावडरवर 'मधुमेह बरा होतो' असलं काही छापू नका. आजार बरा करायच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे आणि मधुमेह त्या यादीत आहे.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून सध्या सगळ्यांना जांभूळच हवंय. पण गावांतली जुनी जांभळं बिल्डिंगांसाठी पडतायत. नाव बदलापूरचं आणि झाडच नाही, तर विकणार काय? ज्यांना यात उतरायचंय त्यांनी पाड्यावरच्या बचत गटाशी मार्च-एप्रिलमध्येच बोलणी करा. भाव, रोजचे किलो, क्रेट कोण देणार, पावसाने माल गेला तर नुकसान कोणाचं, हे सगळं लिहून घ्या आणि थोडा ॲडव्हान्स द्या. जूनमध्ये दुपारी चार वाजता स्टेशनवर जाऊन नाही.