आरएक्स १०० सीझ झाली? बोअर करण्याआधी पिस्टनचा ‘लॉग’ वाचा

जुनी टू-स्ट्रोक गाडी चालता चालता इंजिनचा आवाज दबतो, मागचं चाक क्षणभर लॉक होतं आणि गाडी बंद! यालाच ‘इंजिन सीझ होणं’ म्हणतात. पिस्टन प्रमाणाबाहेर गरम होऊन फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला घासून चिकटतो. गॅरेजमध्ये उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, “बोअर करून नवीन पिस्टन टाकू.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे सर्व्हर क्रॅश झाला आणि लॉग न वाचता तो नुसता रीस्टार्ट केला, तर तो पुन्हा पडतो. इंजिनचंही तसंच आहे. फक्त सर्व्हर हवा तितक्या वेळा रीस्टार्ट होतो, सिलिंडर मोजक्याच वेळा बोअर होतो.

किती वेळा?

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ९८ सीसीचं, सिलिंडरचा आतला व्यास ५० मिमी. ओरखडे काढायला सिलिंडर आतून किंचित मोठा करतात आणि तेवढाच मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. साइज साधारण ०.२५ मिमीने वाढत जातात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. म्हणजे चार संधी. त्या संपल्या की स्लीव्ह टाका, नाहीतर दुसरा ब्लॉक शोधत फिरा.

माझ्या मामाची गाडी एका वर्षात दोनदा बोअर झाली होती. तिसऱ्यांदा सीझ झाली तेव्हा आम्ही आधी कारण शोधलं. मॅग्नेटोकडचं ऑइल सील वयामुळे कडक होऊन हवा खेचत होतं. पिस्टन दोनदा बदलला, पण सील तेच राहिलं!

हेड न खोलता काय दिसतं?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जोर लावून किक मारू नका.

१. स्पार्क प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक. पांढराफट असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

२. सायलेन्सर सोडवा आणि मोबाइलच्या टॉर्चने एक्झॉस्ट पोर्टमधून आत बघा. किक हाताने हळूहळू दाबली की पिस्टनची बाजू आणि रिंगा समोरून सरकताना दिसतात. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर प्लगच्या भोकातूनही बघता येतं.

प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. जोडताना तेच फोटो मॅन्युअलचं काम करतात.

ओरखडे काय सांगतात?

ब्लॉक काढल्यावर पिस्टन फिरवून नीट बघा.

• सगळीकडून घासलेला, कोरडा: ऑइल पोहोचलेलं नाही. ऑइल पंप, त्याची केबल, नळी तपासा. पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घातलं जातं ते विचारा.

• फक्त एक्झॉस्टच्या बाजूने खरवडलेला, वरचा भाग भाजलेला: कार्ब्युरेटरचा जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.

• चार ठिकाणी उभे पट्टे: पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. थंड इंजिन लगेच रेस केलं किंवा बोअर करताना गॅप कमी ठेवला.

• इनटेकच्या बाजूने मळकट, करडी झीज: एअर फिल्टरमधून धूळ गेली.

हवा गळतीची एक खूण चालत्या गाडीतही दिसते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही. खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनमध्ये साधारण ५–६ पीएसआय हवा भरतात आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात. जास्त दाब दिला तर चांगलं सीलही निघेल.

ब्लॉक काढलेलाच आहे, तर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडी हालचाल चालते, पण वर-खाली खडखड लागली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. त्यावर नवीन पिस्टन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुरुस्ती करून घेताना

सिलिंडरवर नुसतं अ‍ॅल्युमिनियम चिकटलं असेल तर ते काढून होनिंगवर भागू शकतं, बोअरची संधी वाचते. निर्णय डोळ्यांनी नको. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजायला सांगा.

बोअर करावाच लागला तर आधी पिस्टन विकत घ्या आणि तो लेथवाल्याला द्या. त्या पिस्टनच्या मापानेच बोअर व्हायला हवा. नंतर पोर्टच्या धारदार कडा घासून गोल करायला सांगा, नाहीतर रिंग अडकून तुटते. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नवीन, आणि क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड. सर्क्लिप आत पडली तर पुन्हा सगळं इंजिन खोला!

पहिले काही शे किलोमीटर एकाच स्पीडला ताणू नका. आणि चालताना आवाज दबल्यासारखा वाटला की लगेच क्लच दाबा, म्हणजे मागचं चाक लॉक होणार नाही.

गाडी गॅरेजमध्ये असेल तर एकच गोष्ट करा. जुना पिस्टन परत मागा आणि मेकॅनिकला विचारा, “हा कशामुळे सीझ झाला?” उत्तर मिळेपर्यंत ब्लॉक लेथवर जाऊ देऊ नका.