लहान गांवांतील भय आणि प्रीति

गेल्या आषाढांत अमेरिकेहून माझ्या पुतणीचें एक जाडजूड पुडकें आलें. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत, पिट्सबर्ग शहरापासून तास-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या एका लहान गांवीं ती गेलीं पंधरा वर्षें संसार करीत आहे. पुडक्यांत एका इंग्रजी कादंबरीचीं पहिलीं शंभर पृष्ठें होतीं. लेखिका ती स्वतःच. सोबतच्या चिठ्ठींत लिहिलें होतें, "काका, ह्या प्रकाराला इकडे 'रोमँटिक सस्पेन्स' म्हणतात. वर्गांत निबंध तपाशीत असां तशी ही तांबड्या शाईनें तपासा. भीड ठेवूं नका."

भीड न ठेवणें हें आमच्या पेशांत अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु ह्या बाबतींत मला भीड वाटण्यास एक कारण होतें. ही मुलगी आठव्या इयत्तेंत माझ्याच वर्गांत होती. भूगोलाच्या पुस्तकाआड धरून ती वाचीत असलेली एक रहस्यकथा मीं तिच्या हातून काढून घेतली, सर्व वर्गादेखत तिला दोन-चार सुभाषितें ऐकविलीं, आणि तेवढ्यावर न थांबतां गांवच्या वाचनालयांत जाऊन तिचें नांव वर्गणीदारांच्या यादींतून कमी करविलें. "असल्या पुस्तकांनीं बुद्धि भ्रष्ट होते," असें मीं त्या वेळीं माझ्या बंधूंस बजाविलें होतें. त्या पुस्तकाचें एक पानहि मीं स्वतः वाचलें नव्हतें. न वाचलेल्या पुस्तकाविषयीं ठाम मत देण्याची संवय शिक्षकास फार लवकर लागते.

तेव्हां ह्या खेपेस आधीं वाचावें व मग बोलावें असें ठरवून मीं तीन-चार महिने ह्या वाङ्मयप्रकाराचा यथाशक्ति अभ्यास केला. हीं पुस्तकें आपल्या लेकीसुनांच्या उशाशीं पुष्कळदां असतात व वडील मंडळी त्यांजकडे पाहून नाक मुरडतात. म्हणून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें.

ह्या प्रकाराचें मूळ शोधूं गेल्यास आपण पिट्सबर्गच्याच परिसरांत येऊन पोंचतों, हा योगायोगच म्हणावयाचा. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट ह्या बाई इ. स. १८७६ त अलेघेनी येथें जन्मल्या. तें त्या वेळीं स्वतंत्र शहर होतें. पुढें १९०७ त तें पिट्सबर्गांत सामील करण्यांत आलें. रुग्णपरिचारिकेचें शिक्षण पुरें करून १८९६ त त्यांनीं एका डॉक्टराशीं विवाह केला व त्यांना तीन मुलगे झाले. १९०३ सालीं शेअरबाजार कोसळला, घरची पुंजी गेली आणि वर बारा हजार डॉलरांचें कर्ज उरावर बसलें. बाईंचें वय तेव्हां सत्तावीस. पदरीं तीन लहान मुलें, नवऱ्याचा दवाखाना आणि हें कर्ज, अशा स्थितींत त्या लिहूं लागल्या. कीर्तीच्या हव्यासानें नव्हे, देणें फेडण्यासाठीं. आणि प्रथमच्या त्या धडाक्यांत त्यांनीं ४५ लघुकथा लिहिल्या. १९०८ त त्यांची 'द सर्क्युलर स्टेअरकेस' ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली व त्यांचें नांव देशभर झालें.

कथानक थोडक्यांत असें. राचेल इनिस नांवाची एक प्रौढ, अविवाहित, सुखवस्तु बाई उन्हाळ्यापुरतें खेड्याजवळचें 'सनीसाइड' नांवाचें मोठें घर भाड्यानें घेते. बरोबर तिनेंच वाढविलेलीं दोन भाचरें, गर्ट्रूड व हॅल्सी. थोड्याच दिवसांत एका रात्रीं गोल जिन्याच्या पायथ्याशीं घरमालकाच्या मुलाचें प्रेत सांपडतें. इकडे त्याच घरमालकाची बँक बुडते. आणि ज्या रोखपालावर अपहाराचा संशय येतो तोच गर्ट्रूडचा भावी पति असतो. पैसा एका दिवसांत नाहींसा झाला म्हणजे घरांतील माणसांचे चेहरे कसे होतात, हें राइनहार्टबाईंना दुसऱ्या कोणाच्या पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. खुनी कोण हें मात्र मी सांगणार नाहीं.

आतां संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें प्रथम अडतें तें हें कीं, शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत शृंगाराचे जे वैरी सांगितले आहेत त्यांत भयानकाची गणना आहे. आणि हास्याचेंहि भयानकाशीं वांकडें आहे. ज्या घरांत जिन्याखालीं प्रेत पडलें आहे त्याच घरांत प्रेमाच्या गोष्टी चालल्या तर रसभंग कसा टळावा? ह्यावरचे उपाय आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतांत सांगून ठेविले आहेत. विरोधी रसांचे आश्रय निराळे करावे, अथवा दोहोंच्या मध्यें तिसरा रस आणून बसवावा. राइनहार्टबाईंनीं ध्वन्यालोक चाळला असण्याचा संभव नाहीं, परंतु केलें तें नेमकें हेंच. भय वाटतें तें आत्याबाईंना. प्रेम आहे तें भाचरांचें. कथा सांगतात त्या आत्याबाई, आणि सांगतात त्या मोठ्या ठसक्यानें व विनोदानें. लिडी नांवाच्या मोलकरणीशीं त्यांची रोजची जी खडाजंगी चालते ती भय आणि प्रीति ह्यांच्या मध्यें, दोन भांडखोर बिऱ्हाडांमधल्या सामाईक ओसरीसारखी, उपयोगी पडते. येथें बाईंनीं विश्वनाथाचा नियम मोडला हें खरें. पण मोडून काम साधलें.

आणि नवल वाटण्याचेंहि कारण नाहीं. आमच्या विदर्भांतील पद्मपुरच्या भवभूतीनें मालतीमाधवाच्या पांचव्या अंकांत नायकास स्मशानांत हिंडविलें आहे, व अघोरघंट मालतीस चामुंडेपुढें बळी देण्याच्या बेतांत असतां त्यास नेमका तेथें पोंचविला आहे. मीं ज्या नाटकाच्या परीक्षेसाठीं रात्री जागविल्या तेंहि एका अर्थीं ह्याच जातीचें होतें, हें माझ्या ध्यानांत साठीनंतर यावें, ह्याची लाज वाटते.

राइनहार्टबाईंच्या लेखनांत एक खोडहि होती. निवेदन करणारी बाई मध्येंच थांबून उसासा टाकते, कीं मला त्या वेळीं एवढें कळलें असतें तर पुढील अनर्थ टळला असता! त्यांच्या मागून आलेल्या लेखिकांनीं ह्या उसाशाचा इतका अतिरेक केला, कीं ऑग्डन नॅश ह्या विनोदी कवीनें १९४० त त्याची यथेच्छ टर उडविली, आणि ह्या संप्रदायाला 'हॅड आय बट नोन' हेंच नांव पडलें. युक्ति मात्र मुळांत वाईट नव्हे. पुढें येणाऱ्या गोष्टीची छाया आधीं पाडणें ह्यास आपल्याकडे पताकास्थानक म्हणतात. उत्तररामचरितांत सीतेचा विरह तेवढा असह्य असें राम म्हणतो न म्हणतो तोंच प्रतिहारी येऊन 'आला आहे' असें सांगते. ती सांगते दुर्मुख हेराविषयीं. पण प्रेक्षकाच्या काळजांत चर्र होतें. भवभूतीनें हें एकदांच केलें. दर दहा पानांस केलें असतें तर आम्हांसहि हंसूं आलें असतें.

पुढच्या पिढींत एक महत्त्वाचा फरक पडला. फिलिस व्हिटनी ह्या लेखिका १९०३ त जपानांतील योकोहामा येथें अमेरिकन आईबापांच्या पोटीं जन्मल्या आणि २००८ त, १०४ वर्षांच्या होऊन, वारल्या. सत्तरांहून अधिक पुस्तकें लिहिलीं. शेवटची कादंबरी १९९७ त, म्हणजे नव्वदी उलटल्यावर. ज्या गांवीं कथा घडवावयाची तेथें आधीं जाऊन रहावयाचें, रस्ते-टेंकड्या पायांखालीं घालावयाच्या, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या कथांत निवेदन करणारी आत्या नसते, तरुण नायिकाच असते. म्हणजे भय आणि प्रीति ह्यांचा आश्रय एकच. त्याहून कठीण गोष्ट ही, कीं पुष्कळदां ज्याच्यावर तिचें मन जडतें त्याच्याचविषयीं तिला संशय येतो. दोन्ही रसांचें आलंबनहि एकच होऊन बसतें. हा माझा तारक कीं मारक, हें न कळतां तिनें त्याच्याशेजारीं बसून जेवावयाचें. येथें आनंदवर्धनाचे उपाय पुरे पडत नाहींत. हें साधलें तर पुस्तक हातांतून सुटत नाहीं. न साधलें तर नायिका मूर्ख वाटते. बहुतेक पुस्तकांत ती मूर्खच वाटते, हें मला निःपक्षपातीपणानें सांगितलें पाहिजे.

परंतु हें सर्व लहान गांवींच कां घडवावयाचें? न्यूयॉर्कमध्यें खून कमी होतात कीं काय? माझ्या पुतणीचें ह्यावरचें उत्तर मला पटलें. मोठ्या शहरांत मारेकरी परका असूं शकतो, लहान गांवांत तो ओळखीचाच असावा लागतो. औषधें देणारा, मुलांची बस हांकणारी, चर्चमध्यें वाद्य वाजविणारा, ह्यांच्यापैकींच कोणी तरी. तिच्या गांवांत आग विझविणारें पथक पगारी नाहीं. शिंपी, शिक्षक, दुकानदार घंटा वाजतांच हातांतलें काम टाकून धांवतात. बेंजामिन फ्रँकलिननें १७३६ त फिलाडेल्फिया येथें असें पथक काढलें, तेव्हांपासून ही चाल त्या संस्थानांत चालत आली आहे. आतां ज्या शेजाऱ्यानें रात्रीं तुमचें घर विझविलें त्यानेंच तें पेटविलें असेल तर? कादंबरीचें बीज हेंच.

गांव लहान असलें तरी कायदा मात्र लेखिकेस बारकाईनें ठाऊक असावा लागतो. तिकडे शेरीफ हा लोकांनीं निवडून दिलेला अधिकारी. पश्चिमेकडील पुष्कळ प्रांतांत गुन्ह्याचा तपास तोच करतो. पेन्सिल्व्हेनियांत त्याचें काम मुख्यतः कोर्टाचा बंदोबस्त, समन्स-वॉरंट बजावणें वगैरे. ज्या गांवास स्वतःचे पोलिस नाहींत तेथें १९०५ त स्थापन झालेलें संस्थानी पोलिसदल येतें. मृत्यूचें कारण ठरविणारा कॉरोनरहि तेथील बहुतेक जिल्ह्यांत मतें मागून निवडून येतो! चित्रपट पाहून लिहिणारे पेन्सिल्व्हेनियांतील खुनाचा तपास खुशाल शेरीफाच्या गळ्यांत घालतात, आणि गांवचा वाचक पहिल्याच प्रकरणांत पुस्तक मिटतो, असें ती लिहिते. आपल्या लेखकांनीं तलाठी आणि मामलेदार ह्यांच्यांत घोटाळा केला तर आपणहि तेंच करूं.

आज ह्या क्षेत्रांत सर्वांत मोठें नांव नोरा रॉबर्ट्स ह्यांचें. त्यांच्या आरंभाची गोष्ट राइनहार्टबाईंच्या गोष्टीची धाकटी बहीण शोभेल. १९७९ च्या फेब्रुवारींत मेरीलँडमध्यें मोठें हिमवादळ झालें. घरांत दोन लहान मुलें आणि बाहेर बर्फ, अशा कोंडवाड्यांत त्यांनीं वही काढून लिहावयास घेतलें. प्रथम नकारच आले. पहिलें पुस्तक १९८१ त निघालें, आणि आतां संख्या दोनशेंच्या पुढें गेली आहे. १९९२ च्या 'डिव्हाइन ईव्हिल' ह्या कादंबरीसाठीं त्यांनीं एमिट्सबरो नांवाचें मेरीलँडमधील एक कल्पित गांव रचलें. खरें बून्सबरो त्यांच्या घराजवळच आहे. तेथें त्यांच्या यजमानांचें पुस्तकांचें दुकान आहे, आणि चौकांतील जुन्या इमारतीची डागडुजी चालू असतां २००८ त ती आगींत सांपडली तरी खचून न जातां त्यांनीं पुढच्याच वर्षीं तेथें पाहुण्यांसाठीं हॉटेल उघडलें. लहान गांवावर ज्यांनीं पैसा मिळविला त्यांनीं तो लहान गांवांत परत घातला, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक पुस्तकांहून अधिक आवडली.

राइनहार्टबाईंच्या आयुष्यांत तर कादंबरी घरांतच शिरली. १९४७ सालीं मेन संस्थानांतील बार हार्बर ह्या गांवीं, पंचवीस वर्षें चाकरींत असलेल्या आचाऱ्यानें त्यांच्यावर पिस्तूल रोखलें. बार उडाला नाहीं, इतर नोकर धांवले, म्हणून बाई वांचल्या व १९५८ पर्यंत जगल्या. नित्य अन्न वाढणारा हात! हें कोणी कल्पनेनें लिहिलें असतें तर मीं समासांत 'असंभाव्य' असा शेरा मारला असता.

आतां पुतणीच्या पृष्ठांविषयीं. तिची नायिका वडील वारल्यावर गांवीं परत येऊन त्यांचें खिळे-बिजागऱ्यांचें दुकान चालविते. दुकानास आग लागते. आगपथकाचा प्रमुख तिचा बाळपणचा सोबती, आणि संशय त्याच्यावरच. इंग्रजी सोपें, गांव डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु चाळिसाव्या पृष्ठावर नायिका मध्यरात्रीं एकटी, जळक्या दुकानांत, हातांत विजेरी घेऊन जाते. ह्या जातीच्या प्रत्येक कादंबरींत ती अशी जातेच. मीं तांबड्या शाईनें 'हेतु काय?' असें लिहून धाडलें. उत्तर आलें, "काका, त्या खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, आणि तिचा कुत्रा आंत होता." मीं उलट लिहिलें, कुत्र्याचा उल्लेख मग पांचव्या पृष्ठावर हवा. तिनें तो घातला. आतां कुत्रा दुसऱ्याच पृष्ठावर भुंकतो.

त्याच पत्रांत मीं वाचनालयाच्या त्या जुन्या गोष्टीबद्दल लिहिलें. चूक माझी होती, असें स्पष्ट लिहिलें. हें वाक्य मला शंभर पृष्ठें तपासण्यापेक्षां जड गेलें. तिला सर्व आठवत होतें. शेवटचीं वीस पानें वाचावयाचीं राहिलीं होतीं, असें तिनें कळविलें, आणि विचारलें, खुनी कोण होता हें जमल्यास पाहून सांगाल काय?

गेल्या बुधवारीं मी वाचनालयांत गेलों. जुन्या वहींत तिच्या नांवावर ओढलेली रेघ सांपडली. पुस्तक फडताळांत नव्हतें. ग्रंथपाल म्हणाले, जुनीं रहस्यकथांचीं पुस्तकें गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलीं आहेत, शिडी मिळाली कीं पाहूं. मी पुढील बुधवारीं पुनः जाणार आहें. तिचीं उरलेलीं दोनशें पृष्ठेंहि अजून यावयाचीं आहेत.